व्हिज्युअल नॉव्हेलला कोणती गोष्ट चालते? पहिलं चित्र काढण्याआधीचे आठ टप्पे

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे स्क्रीनवर वाचायची गोष्ट: मागे स्थिर चित्रं, खाली एकेक ओळ, क्लिक केलं की पुढची, आणि मध्ये कधी कधी वाचकाला करावी लागणारी निवड. दर उन्हाळ्यात कुणीतरी अशी गोष्ट करायची म्हणून लॅपटॉप घेऊन येतं आणि एक फोल्डर उघडून दाखवतं. पोरगं लातूरचं असो, परभणीचं असो नाहीतर संभाजीनगरचं, फोल्डरात साधारण तेच निघतं: बारा-चौदा पात्रांची देखणी चित्रं, एक थीम म्युझिक, झकास मेनू स्क्रीन आणि गोष्टीची अडीच पानं. "प्रकार कोणता?" विचारलं की उत्तर येतं, "थ्रिलर." वाचायला घेतलं की कळतं, ही वेब सिरीज आहे. फक्त ती चालत नाही, थांबत थांबत दिसते.

चूक चित्रांत नसते, क्रमात असते. आधी प्रकार ठरतो, तोही बहुधा नुकत्याच पाहिलेल्या सिरीजवरून. मग पात्रं, मग चित्रं. वाचक बोट दाबून पुढच्या ओळीकडे का जाईल, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, किंवा येतच नाही. खाली हाच क्रम उलटा लावलाय. बीडकडच्या एका ऊसतोड घरातली गोष्ट उदाहरण म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत नेली आहे, बाकीची उदाहरणं लागतील तशी येतील.

## तयारी

वही, पेन, फोन, आणि तुमची गोष्ट अजून कानावरही न पडलेली तीन माणसं. या तिघांना आत्ता काहीच सांगू नका. ती टप्पा ८ मध्ये लागतील, आणि एकदा गोष्ट कळलेलं माणूस तिथे उपयोगाचं राहत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तुमची ताकद लिहा: चित्रं कोण काढणार, आठवड्यातल्या किती संध्याकाळी मोकळ्या आहेत, आवाज कोण रेकॉर्ड करणार. "मित्र काढून देतो म्हणालाय" याचा हिशेबातला आकडा शून्य.

सॉफ्टवेअर अजून डाउनलोड करू नका. एकदा ते उघडलं की पहिली संध्याकाळ मेनूचा रंग ठरवण्यात जाते, दुसरीसुद्धा.

## टप्पा १: गोष्टीला लावलेलं प्रकाराचं नाव काढून टाका

घटना दहा ओळींत लिहा. "थरारक", "भावनिक", "गूढ" असले शब्द वापरायचे नाहीत. काय घडतं तेवढंच.

आमचं उदाहरण असं:

१. दसरा झाल्यावर आई-बाप टोळीबरोबर कारखान्यावर जातात.
२. दहावीतली मुलगी आजीजवळ राहते.
३. रोज रात्री आईचा फोन येतो.
४. दिवाळीनंतर फोन कमी होतात.
५. एक दिवस शाळेतून आल्यावर तिला तीन कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या दिसतात.
६. आजी म्हणते, कुणी आलं नव्हतं.
७. मुकादम येऊन बापाच्या उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, काहीतरी अर्धवट बोलून जातो.
८. मुलीच्या लक्षात येतं, आपल्याला बघायला आले होते.
९. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न लागलं की नवा कोयता, नवी उचल.
१०. कुणाला सांगायचं, हे तिला ठरवायचं आहे.

आता प्रत्येक ओळीपुढे चारांपैकी एक शब्द लिहा: *दिसतं*, *ऐकू येतं*, *मनात आहे*, *हलतं*. इथे "हलतं" फक्त पहिल्या ओळीला लागतं. तीन, चार, सहा आणि सात कानावर येतात, शेवटच्या तीन मनात आहेत, उरलेल्या दोन दिसतात.

तपासा: निम्म्याहून जास्त ओळी "हलतं" निघाल्या तर गोष्ट सिनेमाची किंवा कॉमिक्सची आहे. वाईट वाटून घेऊ नका, ती तिथेच नेऊन द्या. "ऐकू येतं" आणि "मनात आहे" मिळून निम्म्यावर गेल्या तर पुढे चला.

हे उदाहरण ज्याचं होतं त्याच्या मूळ खर्ड्यात अकरावी ओळही होती: मुलगी रात्री पळते आणि मागे जीप लागते. "थ्रिलर" हे नाव त्या एका ओळीमुळे पडलं होतं. ती काढली आणि गोष्टीचं काहीही अडलं नाही.

## टप्पा २: या माध्यमाला काय जमतं ते वहीत उतरवा

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

*पुढची ओळ झाकलेली असते.* कादंबरीत पान उलटलं की डोळा नकळत खालच्या परिच्छेदावर जाऊन येतो. सिनेमात पुढचा क्षण आपोआप येतो, प्रेक्षकाला विचारत नाही. इथे ओळ वाचक स्वतः उघडतो. कबुली, खुलासा, भीती, टोमणा, थोडक्यात ज्याची ताकद "आता काय म्हणेल" यात आहे ते सगळं इथे खुलतं.

*चेहरा जवळ, अंग स्थिर.* पात्र कमरेपासून वर, तुमच्याकडे बघत उभं. भुवई बदलते, ओठ बदलतात, हात क्वचित. नाटकातला नट रंगमंचावर फिरतो, सिनेमातला धावतो. हा फक्त बघतो. म्हणून दोन माणसांतलं बोलणं इथे भारी होतं आणि बाजारातली गर्दी केविलवाणी.

*बोललेलं आणि मनातलं एकाच पट्टीत.* आजी काहीतरी सांगते, पुढच्याच क्लिकला मुलीच्या मनातलं त्याच्या उलट येतं. सिनेमाला यासाठी मागून आवाज द्यावा लागतो आणि तो लवकर कंटाळा आणतो. श्रुतिकेत कोण बोलतंय आणि कोण विचार करतंय याचा घोळ होतो. इथे तो होत नाही.

*मागे जाता येतं.* सेव्ह, लोड, झालेला संवाद पुन्हा वाचायची सोय. वाचकाला एका खेपेत कळलेलं दुसऱ्या खेपेला त्याच्या डोक्यात असतं, पात्राच्या नसतं. खोटं बोलणारी पात्रं, एकच दिवस पुन्हापुन्हा येणं, पश्चात्ताप, यांना या माध्यमाइतकी मोकळी जागा दुसरीकडे नाही.

*निवड.* हिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी विचार होतो. निवडीमुळे वाचक मोकळा होतो असं नाही, तो जबाबदार होतो. ज्या गोष्टीत जबाबदारीला काही अर्थ नाही तिथे निवड म्हणजे उगाच मध्ये आलेला टोलनाका.

आणि काय जमत नाही? धाव, मारामारी, मोठा जमाव, डोंगर-दऱ्यांचं भव्य दृश्य, अंगविक्षेपाचा विनोद.

माझाच अनुभव सांगतो. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत पाठलाग, अशी एक गोष्ट मी करायला घेतली होती. काळाकुट्ट वळणावळणांचा मार्ग, हातात पलिते, मागून पावलं. चार महिने राबून नऊ बॅकग्राउंड केली. पहिल्या वाचकानं तो पाठलाग चाळीस सेकंदांत टपाटप क्लिक करून संपवला आणि विचारलं, "मग सापडतो का?" पाठलागात माणूस घाईत असतो, म्हणून वाचकही घाईत वाचतो आणि चित्रांकडे बघत नाही. पुढे तीच अंधारी ठेवून गोष्ट बदलली: दोघं आत अडकलेत, पलिता विझलाय, आणि त्यातला एक खोटं बोलतोय. बॅकग्राउंड एकच लागलं. काळं.

सावधान: "अॅनिमेशन टाकून धाव जमवू" हा विचार आला की वही मिटा आणि चहा घेऊन या. ते जमलं तरी तुम्ही सिनेमाच्या मागून धावत असता.

## टप्पा ३: दहा ओळी वेगवेगळ्या प्रकारांवर घासून बघा

प्रत्येक प्रकार घेऊन विचारायचं: माझी गोष्ट अशी सांगितली तर टप्पा २ मधल्या पाचांपैकी किती गोष्टी कामाला लागतात? तीनपेक्षा कमी लागत असतील तर तो प्रकार सोडा.

रहस्य. सगळ्यात चांगलं बसतं. कारण पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो आणि तो मागे जाऊन तपासू शकतो. २००१ साली आलेल्या 'एस अॅटर्नी' या जपानी खेळात साक्षीदाराची जबानी ओळीओळीनं येते आणि विसंगत ओळीवर वाचकाला पुरावा पुढे करावा लागतो. तिथे क्लिक हा युक्तिवादच होतो. आपल्याकडे यासाठी सामान पडून आहे. निजामी राजवटीतले उर्दू आणि मोडीतले जमिनीचे कागद, जुनं खासरा पत्रक, आणि ते वाचू शकणारं गावातलं एकच म्हातारं माणूस. कागद स्क्रीनवर दिसतो, पण अर्थ त्या माणसाच्या तोंडून येतो. तो खरं वाचतोय का, इथूनच रहस्य सुरू होतं.

नेहमीची चूक: पुरावा दिसल्या दिसल्या निवेदक सांगतो, "हे जरा विचित्रच होतं." सांगू नका. कपबशा तीन होत्या, एवढंच लिहा आणि पुढे जा.

भय. उत्तम बसतं, पण सिनेमातलं भय नव्हे. दचकवणं इथे फसतं, कारण पुढची ओळ वाचक स्वतः उघडतो आणि सावध असतो. इथली भीती म्हणजे क्लिक करावंसं न वाटणं. गावाबाहेरची जुनी बारव घ्या: एक क्लिक, एक पायरी. विसाव्या पायरीला पाणी लागायला हवं होतं, लागलं नाही. चित्रं कमी असतील तर घाबरायचं कारण नाही. १९९४ चा 'कामाइताची नो योरू' हा खेळ पात्रांच्या नुसत्या निळ्या सावल्यांवर उभा आहे. चेहरा न दिसणं हाच तिथे भीतीचा भाग झाला. कंजूषपणा करायचा तर असा.

प्रेम आणि नाती. हे या माध्यमाचं माहेर. व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या रेन'पाय या सॉफ्टवेअरच्या नावातला 'रेन' हा प्रेमकथेसाठीच्या 'रेन'आय' या जपानी शब्दातूनच आला. रोज तीच जागा, तीच माणसं, आणि थोडं थोडं बदलणारं बोलणं. लातूरच्या क्लासचं वेळापत्रक, मेस, अभ्यासिका हे सगळं आयतंच आहे. चूक एकच, पण सार्वत्रिक: गोड उत्तर निवडा, गुण मिळवा, गुण साठले की माणूस मिळालं. हे प्रेम नाही, किराणा दुकानाचं खातं आहे. चांगली निवड तीच जिच्यात दोन्ही उत्तरं खरी असतात आणि एकच देता येतं.

निवाडा, बैठक, पंचायत. चार माणसं, एक पार, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. सहज जमतं.

विनोद. शाब्दिक असेल तर हो. हजरजबाबी बतावणी ओळीओळीनं उघडली तरी हसू येतं, कारण टोला पुढच्या क्लिकला बसतो. सोंगातला, पडापडीचा विनोद कागदी होतो. एकनाथांच्या भारुडात वरचा अर्थ एक आणि आतला दुसरा असतो; त्या घाटाची गोष्ट या पट्टीत छान बसेल, पण आमच्याकडे ती अजून कुणी आणलेली नाही.

इतिहास. लढाई नको, कारकून घ्या. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, हैदराबादची पोलीस कारवाई, आणि जालन्याच्या तारऑफिसातला एक माणूस ज्याच्या हातून सगळे निरोप जातात. शेवट सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ताण "काय होईल" यात नसून "हा कोणता निरोप उशिरा देईल" यात आहे. खऱ्या नेत्यांच्या तोंडी आपले संवाद घालू नका. त्यांना दाराबाहेरच ठेवा, बातमीतून येऊ द्या.

आपत्ती. किल्लारीच्या भूकंपावर लिहावं असं इकडच्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट. इथे "गाव वाचवा" असा फाटा काढणं म्हणजे क्रूरपणा आहे. ज्यांची माणसं गेली त्यांना तुम्ही सांगताय की योग्य बटण दाबलं असतं तर ती वाचली असती. आदल्या संध्याकाळची साधी बोलणी घ्या किंवा नंतरच्या पत्र्याच्या शेडमधले महिने. निवड नकोच.

मारामारी, पाठलाग, खेळाचा सामना. वर अंधारीचं सांगून झालंय.

आमच्या उदाहरणाला सामाजिक नाट्य म्हणून घासलं तर पाचांतल्या दोन गोष्टी लागल्या. घरातलं रहस्य म्हणून घासलं तर पाचही. घर तेच, आजी तीच. "गरिबीची कहाणी" म्हणून सांगायची की "आजी काय लपवतेय" म्हणून, एवढाच फरक.

तपासा: निवडलेला प्रकार तुम्हाला आवडतो म्हणून निवडलाय का? मला पाठलाग अजूनही आवडतात. म्हणून ते मी बघतो.

## टप्पा ४: क्लिकचं वाक्य लिहा

एकच वाक्य: *वाचक दर क्लिकला ______ साठी पुढे जातो.*

आमचं: "आजी आता तरी खरं बोलेल का, यासाठी."

"पुढे काय होतं ते कळण्यासाठी" हे उत्तर चालणार नाही. ते प्रत्येक गोष्टीचं असतं. "सुंदर चित्रं बघण्यासाठी" हेही नाही, चित्र दोन सेकंदांत बघून होतं आणि ओळी मागे उरतात. वाक्यात एक माणूस आणि एक न कळलेली गोष्ट हवी.

हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. पुढे प्रत्येक प्रसंग लिहून झाला की याच्याशी ताडून बघायचा. ज्या प्रसंगात हे वाक्य कुठेच लागू पडत नाही तो प्रसंग कितीही आवडता असला तरी बाहेर.

## टप्पा ५: प्रकाराप्रमाणे फाटे आखा

आधी गणित. दोन पर्यायांच्या निवडी पूर्ण वेगळ्या वाटांनी नेल्या तर तीन निवडींना ८ शेवट होतात, पाचांना ३२, दहांना १०२४. "पंधरा निवडी टाकू" म्हणणाऱ्यानं हा गुणाकार केलेला नसतो.

कामाचे आकार तीनच.

*सरळ वाट.* एकही निवड नाही, किंवा नावापुरती. २००२ पासून आलेल्या 'हिगुराशी'च्या मूळ भागांत जवळजवळ निवडी नाहीत, तरी त्या रहस्य-भयाच्या मालिकेला वाचकांची कमी पडली नाही. तेव्हा "निवड नाही म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल नाही" हे डोक्यातून काढा. आपत्ती आणि आठवणींच्या गोष्टींना हाच आकार शोभतो.

*वेणी.* वाटा फुटतात, थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात. पण कुणी काय निवडलं याची खूण प्रोग्राम ठेवतो आणि नंतर एखाद्या ओळीत ती वर येते. रहस्याला आणि नात्यांना हा आकार हवा. लिहायचं प्रमाण आटोक्यात राहतं आणि वाचकाला वाटतं, माझं लक्षात ठेवलं गेलं.

*झाड.* खरोखर वेगळे शेवट. फाटा जितका उशिरा फुटेल तितकं काम कमी. प्रेमकथेत माणूस निवडून झाल्यावर ठीक आहे. पहिल्याच प्रसंगात नको.

आमच्या गोष्टीला वेणी, आणि शेवटी एक फाटा: मुलगी कुणाला सांगते? शाळेतल्या बाईंना, फोनवर आईला, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला, की कुणालाच नाही. इथे मूळ लेखकानं एक चूक केली होती. १०९८ हा पर्याय निवडला की हिरवी टिकमार्क आणि आनंदी संगीत. कायद्यानं मुलीचं वय अठरा हवं हे बरोबर, फोन करणंही बरोबर. पण त्या फोननंतरही आजी त्याच घरात असते आणि बापाची उचल फिटलेली नसते. तो पर्याय निवडणाऱ्याला ती संध्याकाळसुद्धा वाचावी लागली पाहिजे.

सावधान: "दार उघडू / नको उघडू" अशी निवड, आणि नको म्हटलं तर पुन्हा तीच निवड. हे एकदा जरी केलंत तरी पुढच्या खऱ्या निवडीवरही वाचक विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ६: चित्रांची यादी, प्रकार ठरल्यावरच

आता वहीचं शेवटचं पान काढा.

गोष्ट मुलीच्या नजरेतून, म्हणून तिचं चित्र नाही. आजी: पाच भाव. मुकादम: तीन. बाई: तीन. आई-बाप फक्त फोनवर, म्हणजे आवाज आणि ओळी. बॅकग्राउंड चार: चुलीची खोली, अंगण, वर्ग, पाणंद, रात्रीसाठी तीच गडद करायची. एकूण अकरा चेहरे आणि चार जागा. हीच गोष्ट सिनेमासाठी केली असती तर ट्रक, उसाचे फड, कोप्या, कारखान्याचं धुराडं, सगळं लागलं असतं. इथे ते सगळं आईच्या आवाजामागे ऐकू येणाऱ्या ट्रॅक्टरच्या धडधडीत बसतं.

यादी तुमच्या ताकदीच्या दुप्पट झाली तर चित्रं कमी करू नका, प्रसंग कमी करा. अर्धवट भाव असलेली आजी म्हणजे खोटं बोलता न येणारी आजी.

## टप्पा ७: एकच प्रसंग, राखाडी चौकोनांत

आता सॉफ्टवेअर. रेन'पाय फुकट आहे, २००४ पासून वापरात आहे, आणि त्यात केलेलं अँड्रॉइड फोनवर आणि ब्राउझरमध्येही चालवता येतं. चित्रांच्या जागी राखाडी चौकोन ठेवा आणि त्यावर "आजी, खाली बघते" असं लिहा. दहा-पंधरा मिनिटांत वाचून होईल एवढाच प्रसंग करा, तोही मधला, सुरुवातीचा नको.

मराठीसाठी इथे हमखास तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, सोबत येणाऱ्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी एखादा फॉन्ट घालून घ्या. तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, डोळ्यांना बरं वाटतं.

दुसरं, जोडाक्षरं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीच घ्या, जुन्यांत ती फुटतात. "दुसऱ्या, वऱ्हाड, हृदय, श्रद्धा, उद्ध्वस्त, ट्रॅक्टर, कर्त्या" एवढे शब्द एका ओळीत टाकून फोनवर बघा. अक्षरं एकेक उमटायचा वेग ठेवला असेल तर अक्षर उमटताना मध्येच तुटतं का तेही बघा. तुटत असेल तर पूर्ण ओळ एकदम दाखवा.

तिसरं, ओळीची लांबी. फोनवर तीन ओळींच्या वर मजकूर गेला की वाचक वाचत नाही, चाळतो.

लिहायचं कसं, याचा नमुना. प्रत्येक ओळ म्हणजे एक क्लिक:

आजी: "आलीस? हात-पाय धू."
चुलीजवळ कपबशा पालथ्या होत्या. तीन.
मी: "कोन आलं व्हतं?"
आजी: "कोन येतंय आपल्याकडं."
आजी: "पानी प्यायला थांबलं व्हतं एक जन."
पाणी तर आपण तांब्यानं देतो.
मी: "बरं."

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं घरच्या वळणाचं, हे बहुतेकांना पेलतं. पण बोली सरसकट "ग्रामीण" नको. लातूर-उदगीरकडचं "काय करलालास" बीडच्या आजीच्या तोंडी आलं तर इकडचा वाचक तिथेच अडखळतो. खात्री नसेल तर त्या गावच्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

तपासा: शेवटून दुसरी ओळ झाकून पुन्हा वाचा. तरीही संशय येत असेल तर ती ओळ काढून टाका. आमच्याकडे यावर दोन तट पडले, मी ठेवली.

## टप्पा ८: तिघांकडून वाचून घ्या, आणि अंगठ्याकडे बघा

तयारीत बाजूला ठेवलेली तीन माणसं आता बोलवा. एकेकट्याला. फोन त्यांच्या हातात द्या, शेजारी बसा, तोंड बंद. "कसं वाटलं?" विचारू नका, आपल्याकडे लोक तोंडावर "छानच आहे की" म्हणतात आणि घरी जातात. बघायचं ते अंगठ्याकडे.

जिथे अंगठा थांबला ती ओळ वहीत टिपा. जिथे टपटप वेग वाढला तीही.

वेग संवादात वाढला तर संवाद लांबलाय, कापा. वर्णनात वाढला तर ते चित्राचं काम होतं, ओळ काढा. निवडीच्या आधी वाढला तर वाचक नुसता बटणाची वाट बघतोय, गोष्टीची नाही. टप्पा ४ चं वाक्य पुन्हा लिहा. तिघांचाही वेग सगळीकडे सारखाच राहिला, कुठेच कुणी थांबलं नाही, तर प्रकारच चुकलाय. टप्पा ३ वर परत जा. फुकट गेल्या असतील तर दोन-तीन संध्याकाळी, चार महिने नव्हेत.

वाचून झाल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "कपबशा किती होत्या?"

तिघांपैकी दोघांनी न अडखळता "तीन" म्हटलं की चित्रकाराला फोन लावा. पहिलं चित्र आजीचं मागा, नजर खाली घातलेलं.